गाडीची वही

संस्थेत मला सगळे किल्लीबाई म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सव्वीस वर्षं दफ्तराच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि तोपर्यंत आमच्याकडे आलेल्या एकाही बाईचा ठावठिकाणा बाहेर गेला नव्हता. ही बढाई नाही. बढाई मारायला आता तोंड उरलेलं नाही.

आमचं काम सांगते. घरात मार खाणाऱ्या बाया आम्हाला फोन करतात. त्या सांगतील त्या कोपऱ्यावर आमची गाडी जाते, त्यांना आणि मुलांना घेते आणि आमच्या घरी आणून सोडते. त्या घराला पाटी नाही. शेजाऱ्यांना वाटतं तिथे नर्सा राहतात, आणि आम्ही त्यांना तसंच वाटू देतो. कचेरी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. तिला मोठी पाटी आहे. रागावलेले नवरे यायचे ते तिथेच यायचे, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांना मी भेटायचे. माझी उंची जेमतेम पाच फूट, पण जीभ लांब आहे.

दफ्तराच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्यात लाल फितीच्या फायली: बायांची नावं, डॉक्टरांचे दाखले, जखमांचे फोटो. लाकडी कपाटात निळ्या फितीच्या: पत्रव्यवहार, नेमणुका, भाडेकरार. आणि दाराशी एक उघडी मांडणी. तिच्यावर ज्याला जे लागेल ते त्याने हात घालून घ्यावं: हजेरीपट, दुरुस्तीची वही, जुने अहवाल आणि गाडीची वही. गाडीची वही उघड्यावर ठेवावीच लागायची, कारण दोन्ही ड्रायव्हर दिवसातून चारदा येऊन तिच्यात लिहायचे.

त्या वहीचा नियम माझा होता. फार वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरने तिच्यात एका बाईचं पूर्ण नाव लिहिलं आणि वही गाडीच्या सीटवर विसरून तो चहा प्यायला गेला. मी त्याची अशी खरडपट्टी काढली की तो महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. तेव्हापासून नियम: नाव लिहायचं नाही, जागा लिहायची. तारीख, वेळ, कुठून, कुठे, किती माणसं, सामान काय. आमच्या घराचा पत्तासुद्धा नाही, तिथे नुसतं ‘घर’ लिहायचं. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला हा नियम म्हणून दाखवायला लावायचे. फार हुशारी वाटायची मला त्यात.

मग वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. शनिवारी फुटला आणि सोमवारी मी दार उघडलं तेव्हा लाकडी कपाटाचा खालचा कप्पा चिंब झाला होता. संचालकबाईंनी त्याच आठवड्यात ठरवलं की सगळे कागद स्कॅन करून क्लाउडवर न्यायचे. त्यासाठी एक माणूस आला. तिशीचा, पाठीला पिशवी, बोलायला गोड. आमच्या ड्रायव्हरदादांनी त्याचं नाव ढगवाले ठेवलं आणि तेच पडलं. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “म्हणजे आता तुला किल्ली घेऊन वर चढावं लागणार का?” दोन दिवस हसत होते स्वतःच्याच विनोदावर.

स्कॅन करायला पाच महिने लागले. दोन मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत कागद काचेवर ठेवत होत्या. ते झाल्यावर ढगवाले माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसले.

“मॅडम, आता प्रत्येक गोष्टीला दर्जा द्यायचा. चार दर्जे आहेत. खुले, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. खुले म्हणजे कुणीही पाहिलं तरी हरकत नाही असं. ते आपोआप आपल्या वेबसाइटवर दिसतं. संचालकबाईंना पारदर्शकता हवी आहे ना.”

“एकेक कागद बघून सांगायचं?”

“तसं केलंत तर पुढच्या वर्षी भेटू,” ते हसले. “मोठे मोठे गट सांगा. तुमच्याइतकं इथलं कुणाला माहीत आहे?”

हे त्यांनी म्हटलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. खोलीकडे पाहत पाहत सांगत गेले. लोखंडी कपाट, अतिगोपनीय. लाकडी कपाट, वरचे दोन कप्पे गोपनीय, खालचा अंतर्गत. दाराशी असलेली मांडणी? ती तर उघडीच आहे की, कुणीही हात घालतं. खुले. जेवणाच्या सुट्टीआधी अकरा हजार कागदांचा निकाल लावला मी.

गाडीच्या वहीपाशी मी थांबले होते. हे मला स्पष्ट आठवतं, आणि आठवतं म्हणूनच झोप लागत नाही. थांबले, आणि मनात म्हटलं, तिच्यात कुणाचं नावच नाही, आपला नियमच आहे तसा. आणि पुढे गेले. ‘कुणीही’ म्हणजे काय ते ढगवाल्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. पण माझ्या डोक्यातला कुणीही जिना चढून यायचा, वरच्या पायरीवर मला भेटायचा आणि मग आत जायचा. ती मांडणी उघडी होती, पण ती एका कुलुपाच्या खोलीत होती आणि कुलूप माझ्या कमरेला होतं. इतकी वर्षं सांभाळलं ते त्या दाराने. दाराला क्लाउडवर कुठला दर्जा द्यायचा हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

शेवटचा रकाना होता ‘जबाबदार व्यक्ती’. ढगवाल्यांनी विचारलं, “इथे कुणाचं नाव घालू?” मी म्हटलं, “माझंच घाला. दुसरं कोण आहे?” सगळ्या अकरा हजार कागदांपुढे माझं नाव उमटलं. संस्थेच्या अहवालात माझं नाव कधी आलं नव्हतं. मी घरी गेल्यावर ह्यांना त्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. किती आनंद झाला होता मला, सांगायलाही लाज वाटते.

आता शिवणवालीबद्दल. ती आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे आली. बत्तीस वर्षांची, किडकिडीत, हाताला विलक्षण चलाख. घरात एक जुनं मशीन पडून होतं, ते तिने दोन दिवसांत चालू केलं आणि मग चादरी, पडदे, बायांचे कपडे, काही शिल्लक ठेवलं नाही. म्हणून शिवणवाली. तिची मुलगी आठ वर्षांची, तिला सगळे छोटी म्हणायचे. छोटी बोलायला लागली की समोरच्याला नुसती मान हलवायची सोय उरायची. शिवणवालीची लाल फितीची फाईल मीच बांधली होती. तिच्यातले अकरा फोटो मी स्वतः चिकटवले होते, पाठीचे, दंडाचे, एक कानामागचा. ती फोटो काढताना रडली नव्हती. मी चिकटवताना रडले होते.

तिसऱ्या आठवड्यात छोटीला शाळेत घातलं. आमच्या घरी त्या वेळी तीन मुलं शाळेत जाणारी होती, तिघांच्या शाळा वेगवेगळ्या. पहिले काही दिवस मुलांना गाडीने सोडतात, मग ती रुळतात आणि आया पायी नेऊ लागतात.

एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, कचेरीतला फोन वाजला. शाळेतून होता. मधल्या सुट्टीत छोटीचे वडील आले होते. त्यांच्याकडे जन्माचा दाखला होता, मुलीचे जुने फोटो होते, ते फार सभ्य बोलत होते. फाटकावरच्या बाई नव्या होत्या. त्यांनी छोटीला विचारलं, “हे कोण?” छोटी म्हणाली, “बाबा.” आणि ती त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने डबा परत येऊन घेतला, असंही शाळेच्या बाईंनी सांगितलं. तो तपशील त्यांनी का सांगितला कुणास ठाऊक.

पोलिस चौकीत आमची वकीलबाई आणि शिवणवाली चार तास बसल्या. तिथला अधिकारी वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, पंखा लावला आणि म्हणाला, “बापाने मुलीला घरी नेलं, याला मी गुन्हा कोणता लिहू? कोर्टाचा हुकूम आणा, मी स्वतः जातो.” कोर्टाने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.

त्याला शाळा कळली कशी, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला होता. संचालकबाईंना वाटलं घरातली कुणी बाई फोनवर बोलली असेल. दोन दिवस त्या घरात चौकशी चालली, बाया एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ढगवाले आले. कुठला कागद कधी कुणी उघडला याची नोंद क्लाउडवर राहते म्हणे. त्यांनी ती काढली आणि वाचली. त्यांचे कान लाल झाले होते.

“काय?” संचालकबाईंनी विचारलं.

“गाडीची वही,” ते म्हणाले. “बाहेरून, एकाच कॉम्प्युटरवरून, चार दिवसांत एकतीस वेळा उघडली आहे.”

त्यांनी पुढे काही सांगायची गरज नव्हती. ती वही मला पाठ आहे. त्याला बायको कोणत्या तारखेला गेली ते माहीत होतं, स्वतःचं घर कोणत्या गल्लीत आहे ते माहीत होतं. त्याने फक्त ती तारीख काढली. ‘दुपारी अडीच. बेकरीमागची गल्ली ते घर. एक बाई, एक मूल, एक पिशवी.’ मग पुढची पानं उलटत गेला असणार. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळच्या ओळी सुरू होतात. ‘घर ते शाळा, तळ्याजवळची, एक मूल.’ ‘घर ते शाळा, टपाल कचेरीसमोरची, एक मूल.’ तीनच शाळा होत्या. तीन फाटकांवर तीन दिवस उभं राहायला किती अक्कल लागते? नाव कुठेच नव्हतं. नियम अगदी काटेकोर पाळला गेला होता.

मग बैठक झाली. संचालकबाई, ढगवाले, ड्रायव्हरदादा आणि मी. संचालकबाई म्हणाल्या, ही व्यवस्थेतली त्रुटी आहे. ढगवाले म्हणाले, व्यवस्थेने सांगितलं तसंच केलं, दर्जा आम्ही ठरवत नाही, आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिथे रकाना होता आणि रकान्यात माझं नाव होतं. त्यांनी काखा वर केल्या असं मी म्हणू शकत नाही. ते खरंच होतं. ड्रायव्हरदादा एवढंच म्हणाले, “आम्ही बाईंनी सांगितलं तसं लिहीत होतो.” तेही खरं होतं. सगळे खरं बोलत होते, आणि सगळ्यांचं खरं फिरून माझ्यापाशी येत होतं.

“मी राजीनामा देते,” मी म्हटलं.

“असं कसं चालेल?” संचालकबाई म्हणाल्या. “तुम्ही गेलात तर जबाबदार म्हणून दाखवायचं कुणाला? आणि हे बघा, तिला एवढ्यात काही सांगू नका. आधीच बिचारी खचली आहे. वकीलबाईंना विचारून काय ते ठरवू.”

घरी गेले तर जेवण जाईना. आमचे हे समोर बसून म्हणाले, “अगं, तू काय मुद्दाम केलंस का?”

“अहो, मुद्दाम केलं असतं तर निदान मला माहीत तरी असतं मी काय करतेय ते!” मी ओरडले. ते बिचारे ताट उचलून आत गेले. चांगला माणूस आहे, पण त्या वेळी त्याच्या चांगुलपणाचासुद्धा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी संचालकबाईंचं ऐकलं नाही. बस पकडून घरी गेले, म्हणजे आमच्या त्या बिनपाटीच्या घरी. शिवणवाली मशीनपाशी बसली होती. कापड लावलेलं होतं, पण पाय चालत नव्हता. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. दर्जे, मांडणी, वही, माझं नाव. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. वाटलं होतं ती ओरडेल, अंगावर धावून येईल. ती यावी असं मला वाटत होतं.

तिने विचारलं, “वहीत काय लिहिलं होतं, किल्लीबाई? जसंच्या तसं सांगा.”

मी ओळ म्हणून दाखवली.

“पिशवीसुद्धा लिहिली होती?”

“हो.”

“निळी होती ती,” ती म्हणाली. “शेजारणीची. परत द्यायची राहून गेली.” मग बराच वेळ ती लावलेल्या कापडाची घडी सरळ करत राहिली. “त्याचा काल फोन आला होता. इथल्या एकीच्या फोनवर. नंबर कसा मिळवला विचारू नका, मला आता त्याचं नवल वाटत नाही. छोटी जेवत नाही म्हणाला. मागून तिचा आवाज येत होता.”

“दोन महिने, फक्त दोन महिने धीर धर,” मी म्हटलं. “तारीख आली की हुकूम मिळेल. वकीलबाई म्हणतात, फाईल भक्कम आहे. फोटो आहेत, दाखले आहेत.”

“दोन महिने ती एकटी त्याच्यासोबत? किल्लीबाई, तुम्ही माझे फोटो बघितलेत.”

तिने दोरा तोडला, मशीनवर झाकण घातलं आणि आत जाऊन कपडे बांधायला घेतले. संचालकबाई आल्या, वकीलबाईंनी फोनवर तासभर समजावलं. ती सगळ्यांना “हो, कळतंय,” म्हणत होती आणि बांधाबांध करत होती. माझ्याशी ती एक शब्द वाकडा बोलली नाही. निघताना म्हणाली, “तुम्ही येऊन सांगितलंत. नाहीतर मी इथल्या बायांनाच दोष देत गेले असते.” मला यापेक्षा चार शिव्या चालल्या असत्या.

ड्रायव्हरदादांनी तिला बेकरीमागच्या गल्लीत सोडलं. परत येऊन ते वहीपुढे उभे राहिले. पेन उघडलं, बंद केलं. “काय लिहू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काही लिहू नका.” त्या दिवशीची ती फेरी कुठेच नाही.

मग नियमांचा पाऊस पडला. दोन पानी ठराव झाला आणि पारदर्शकता म्हणून तो वेबसाइटवरही लागला. उघड्या मांडणीतलं सगळं आत घेतलं, गाडीची वही अतिगोपनीय झाली. अतिगोपनीय कागदाची प्रत काढता येणार नाही, छापता येणार नाही, दुसरीकडे पाठवता येणार नाही, अशी ढगवाल्यांनी तजवीज केली. संबंधित बाईने स्वतः मागणी केली तर तिची फाईल सात दिवसांच्या आत जबाबदार व्यक्तीने कायमची पुसावी, हेही त्यात होतं. बाईच्या माहितीवर बाईचाच हक्क, असं संचालकबाई म्हणाल्या, आणि मीही मान डोलावली. बरोबरच आहे ते. त्यातला एकही नियम चुकीचा नाही. मी दोन्ही पानांवर सही केली.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, जेवणानंतर मी दफ्तराच्या खोलीत बसले होते. स्कॅन झालेले मूळ कागद संचालकबाईंनी नष्ट करायला दिले होते, रिकामी कपाटं नेली होती, भिंतीवर त्यांच्या आकाराचे पांढरे चौकोन उरले होते. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. फोन वाजला.

“किल्लीबाई, मी बोलतेय.”

मी उभीच राहिले. “तू कशी आहेस गं? छोटी?”

“बऱ्या आहोत. दोघी बऱ्या आहोत.” आवाज सपाट होता, पाठ करून आलेल्या मुलीसारखा. “किल्लीबाई, माझी फाईल पुसून टाका. सगळी. फोटो, दाखले, सगळं. मी स्वतः मागणी करतेय.”

“जवळ कोण आहे?”

“मी स्वतः मागणी करतेय,” ती पुन्हा म्हणाली.

मी म्हटलं, “लेखी अर्ज लागतो.” माझी लांब जीभ एवढंच करू शकली. तिकडे फोन हातातून हातात गेला.

“नमस्कार मॅडम.” पुरुषाचा आवाज. मऊ, आदबशीर. “अर्ज पाठवला आहे. बघा, आला असेल.”

आला होता. वहीचं पान, त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. तिचंच अक्षर, तिचीच सही. ‘माझ्यावर कोणताही अन्याय झालेला नाही. मी रागाच्या भरात घर सोडले होते.’ वकीलबाईंची तारीख अजून पाच आठवडे लांब होती, आणि त्या तारखेला दाखवायला आमच्यापाशी या फायलीशिवाय काहीही नव्हतं.

“नियमाप्रमाणे सात दिवस लागतात,” मी म्हटलं.

“चालेल ना,” तो म्हणाला. “मला काही घाई नाही. मी थांबेन. तिला थांबवतं का, ते मात्र तुम्ही बघा.” मागे कुठेतरी छोटी काही विचारत होती आणि तिला कुणीतरी गप्प करत होतं. तिला गप्प करावं लागतं, हे मला पहिल्यांदाच कळलं असं नाही, पण ज्या झटक्यात ती गप्प झाली तो झटका मी कधी ऐकला नव्हता.

फाईल उघडली. अकरा फोटो एकाखाली एक. प्रत निघत नव्हती, छापता येत नव्हतं, ती वाट मीच सही करून बंद केली होती. पर्समध्ये माझा मोबाइल होता. मी तो काढला, पडद्यासमोर धरला. एक बटण दाबायचं आणि तिची पाठ माझ्या पर्समध्ये. मग? बसमध्ये घेऊन फिरायची, घरी उशाशी ठेवायची, आणि मनाशी म्हणायचं की माझ्यापाशी ती सुरक्षित आहे? हेच तर मी सव्वीस वर्षं म्हणत आले होते. माझा माझ्या हातांवरचा विश्वास उडाला होता. आणि पकडले गेले असते तर त्याची किंमत मी मोजणार नव्हते, तिकडे ती मोजणार होती. मी मोबाइल ठेवून दिला.

संचालकबाईंना फोन करता आला असता, वकीलबाईंना करता आला असता. त्यांनी ठराव वाचून दाखवला असता. शिवाय तो ऐकत होता. त्याचा श्वास माझ्या कानात होता.

“पुसतेय,” मी म्हटलं.

“आम्ही आहोत फोनवर,” तो म्हणाला.

पडद्यावर विचारणा आली, जबाबदार व्यक्ती म्हणून माझी संमती आहे का. मी दिली. फोटो एकेक करून गेले नाहीत, तसं काही दिसत नाही. पान होतं आणि मग नव्हतं. सव्वीस वर्षांत मी एका कागदाचा कोपरासुद्धा फाडला नव्हता.

“झालं,” मी म्हटलं.

“तिच्याशी बोला, तिला समाधान होईल,” असं म्हणून त्याने फोन तिच्या हातात दिला.

मग त्याने बहुतेक खूण केली असावी.

“किल्लीबाई,” तिने विचारलं, “आता कुणी कितीही शोधलं, तरी माझं काही सापडणार नाही ना?”

“नाही गं,” मी म्हटलं. “कुणालाच नाही.”